पडलेल्या सिनेमाची नायिका

"चूक? चूक माझी एकच झाली," श्रीपाद कॅमेऱ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "नायिका निवडताना मी दिग्दर्शक राहिलो नाही... बाप झालो!"

स्वयंपाकघराच्या दारात अनुष्का चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कपांनी बशांवर बारीकसा आवाज केला. समोर बसलेली वाहिनीची ती तरुण मुलगी, चैताली, एकदम अवघडली. आजवर आपटलेल्या मोठमोठ्या सिनेमांवर ती कार्यक्रम करत होती आणि श्रीपादांच्या 'गडकरीण'चं नाव त्यात अगदी वर होतं. नायिका ही यांचीच मुलगी, हे तिला ठाऊक होतं. पण ती अशी हातभराच्या अंतरावर उभी असताना वडील असं काही बोलतील, याची तिला कल्पना नव्हती.

"एकुलती एक पोर. हट्ट धरून बसली... मला नाही म्हणवलं नाही," श्रीपाद बोलतच होते. "बाकी काय कमी होतं सांगा त्या सिनेमात? विसापूरच्या पायथ्याला अख्खा गड उभा केला होता मी! घोडे होते, हत्ती होता, शेकडो माणसं होती. सगळं होतं. फक्त जिच्या खांद्यावर सिनेमा उभा राहायचा, ते खांदेच..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. अनुष्का पुढे आली, तिनं एकेक कप समोर ठेवला. चैतालीनं चाचरत विचारलं, "ताई, तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का?"

अनुष्कानं वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. गेली चार वर्षं ते तिच्याकडे असेच न बघता बघत आले होते.

"बाबा बरोबर बोलतायत," ती हसून म्हणाली. "मला नाही जमलं ते."

स्वयंपाकघरात वासंतीबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. लेक आत येताच त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. "किती ऐकून घेशील गं? किती? आज मी सांगणार त्यांना! अस्सं जाऊन सगळ्यांसमोर सांगणार!"

"आई, शपथ आहे तुला माझी."

"घाल शपथा! तुझ्या शपथांनीच माझं तोंड शिवलंय!"

"हळू बोल गं." अनुष्कानं आईचे डोळे पुसले. "काय उरलंय त्यांच्याजवळ सांग बघू? बंगला गेला, मित्र गेले, कुणी कामाला बोलवत नाही. सिनेमा चांगला होता, या एका समजुतीवर ते सकाळी उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात... तेवढीही काढून घ्यायची?"

वासंतीबाईंनी लेकीचा दंड सोडला. ज्या खोट्यानं हे सारं सुरू झालं, ते त्यांच्याच तोंडून वदवलं गेलं होतं!

तेव्हा हे कुटुंब लोणावळ्याला तुंगार्लीच्या बंगल्यात राहत होतं. श्रीपादांचे तीन-चार छोटे सिनेमे बरे चालले होते, आणि मग त्यांच्या मनानं 'गडकरीण'चा ध्यास घेतला. बाप लढाईत पडल्यावर गड राखणाऱ्या एका मावळकन्येची ती कथा. त्यांनी मळवलीजवळच्या माळावर लाकूड, गोणपाट आणि प्लास्टरचा एवढा थोरला गड उभारला, की रेल्वेतून जाणारी माणसं दारात येऊन बघत राहायची! मुंबईची एक नामवंत नटी नायिका म्हणून आली. काही दिवस काम केलं आणि तिला हिंदीतून बोलावणं आलं म्हणून एका सकाळी गाडीत बसून निघूनही गेली. चित्रीकरण थांबलं. पैसा लावणाऱ्यांनी नायिका मिळेपर्यंत हात आखडता घेतला. जिला विचारावं ती नकार देई. अर्धवट सिनेमातली उरलेली जागा कोण घेणार?

एका संध्याकाळी अनुष्का डबा घेऊन माळावर गेली, तर सगळी माणसं पांगलेली, घोडे नुसते चारा खात उभे, आणि त्या खोट्या बुरुजाच्या अगदी कडेला बाबा एकटेच! खाली बघत उभे होते ते. त्यांची ती वाकलेली पाठ पाहिली मात्र, ती जागीच थबकली. तिनं हाक मारली नाही... हाक मारायचीही भीती वाटली तिला. ती पायऱ्या चढून गेली, त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि म्हणाली, "बाबा, जेवायला चला."

त्याच रात्री तिनं आईला सांगितलं, "मी करते ती भूमिका. कॉलेजात एकांकिका केल्यात, अगदीच काही येत नाही असं नाही."

"वेडी झालीस? डेहराडूनला जायचंय ना तुला? एवढी निवड झाली... आणि वरद?"

होय, निवड झाली होती. जंगलातल्या झाडांवर संशोधन करायला ती डेहराडूनला जाणार होती, आणि तिच्याच वर्गातला वरदही. पुढं दोघांचं लग्न व्हायचं, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

"वरद थांबेल," ती म्हणाली. "पण आई, बाबांना खरं सांगायचं नाही हं. मी त्यांच्यासाठी सगळं सोडतेय असं कळलं, तर ते जीव गेला तरी घेणार नाहीत. त्याग म्हणून दिलं तर परत करतील. हौस म्हणून मागितलं तर पुरवतील. तू सांग त्यांना... पोरीला लहानपणापासून पडद्याची हौस आहे, रडरड रडतेय, एवढा हट्ट पुरवा तिचा."

आणि वासंतीबाईंनी तसं सांगितलं! नवऱ्याच्या त्या वाकलेल्या पाठीची त्यांनाही धास्ती होतीच. श्रीपाद आधी चिडले, मग विचारात पडले, आणि मग लेकीला पोटाशी धरून म्हणाले, "अगं, मला का नाही सांगितलंस वेडे? बापाकडे काही मागायला लाजायचं असतं?"

चित्रीकरण लांबत लांबत गेलं. डेहराडूनची जागा दुसऱ्याला मिळाली. वरद आधी रोज फोन करी, मग आठवड्यानं... आणि एका दुपारी, गडाच्या दारातला मोठा प्रसंग चालू असताना, सेटवर येऊन त्यानं सांगून टाकलं की त्याच्यानं आता थांबवत नाही. भांडला नाही, रागावला नाही. तो गेला, आणि इकडून श्रीपादांनी कर्ण्यातून हाक दिली, "नायिका तयार?" ती तयार होती.

सिनेमा शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. तळेगावच्या थिएटरात पहिल्या खेळाला पुढच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या. संगणकावर केलेल्या हत्तीचे पाय जमिनीला टेकतच नव्हते, तोफ उडाली की बुरूज हलायचा, आणि लढाईच्या प्रसंगात मध्येच गाणं सुरू व्हायचं. लोक हसले. पण सगळ्यात जास्त हसायला त्यांना एक चेहरा हवा होता, आणि कुणीतरी अनुष्काचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'लाकडी राणी'! दोन दिवसांत तो फोटो मोबाइलवरून महाराष्ट्रभर फिरला. बुडणाऱ्यानं फळकूट धरावं तसं श्रीपादांनी ते नाव धरलं. सिनेमा उत्तम होता... लेकीच्या हट्टानं बुडाला! त्या दिवसापासून ते तिच्याशी थेट बोलेनासे झाले. "तिला म्हणावं, दार लाव." "तिला म्हणावं, जेवून घे." ती समोर असायची, आणि तरी ते आईला सांगायचे.

बंगला विकून तिघं तळेगावात फ्लॅटवर राहायला आली. अनुष्का मळवलीच्या एका रोपवाटिकेत कामाला लागली. जंगल वाचायला निघालेली मुलगी, आता फार्महाऊसवाल्यांना कुठलं लॉन बरं दिसेल ते सांगत होती!

मुलाखत टीव्हीवर दाखवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत सारजाबाई तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली. ती वरच्या उंबरवाडीची, डोंगरातल्या वस्तीतली. इथं खुरपणीला यायची. 'गडकरीण'मध्ये अख्खी उंबरवाडीच गर्दी म्हणून उभी राहिली होती. सारजाबाई त्यात सुईण झाली होती.

"ताई, सायेब टीवीवर तुमाला बोल लावत व्हतं. लय वंगाळ वाटलं बगा."

"जाऊ दे गं मावशी."

"जाऊ दे तर जाऊ दे. पन येक सांगू का? आमी त्यो पिच्चर बगितलाच न्हाई. आमी तळेगावला जायचं म्हनस्तवर त्यो निगूनबी गेला. समदी वाडी हाय त्यात, आन् वाडीतल्या येकानंबी सोताचं त्वांड बगितलं न्हाई! आवंदा वाघजाईच्या जत्रंत त्योच लावायचा म्हनत्यात समदी. सायबास्नी इचारायला येतो आमी."

"नको!" अनुष्का एवढ्या जोरात म्हणाली की सारजाबाई दचकली. "मावशी, नका येऊ... त्यांना बरं नसतं."

खरी भीती वेगळीच होती. बाबांनी तो सिनेमा माणसांत बसून कधी पाहिलाच नव्हता! एडिटिंगच्या खोलीत तुकड्या-तुकड्यांनी पाहिला तेवढाच. पहिल्या खेळाला ते बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले होते. त्यांच्या मनातला सिनेमा वेगळा होता, आणि तो तसाच राहावा म्हणून तर हा सारा अट्टहास!

पण सारजाबाई आली. रविवारी सकाळी, नवरा शिदूला घेऊन, नारळ आणि नाचणीच्या पापड्या घेऊन आली.

"सायेब, न्हाई म्हनू नगा," शिदू हात जोडून म्हणाला. "आवो, म्या त्या पिच्चरमदी तीन येळा मेलोय! येकदा आपल्याकडनं आन् दोनदा गनिमाकडनं. पन घरात कुनी खरंच मानत न्हाई."

श्रीपाद हसले. अनुष्कानं ते हसू कितीतरी वर्षांनी पाहिलं. चार वर्षांत सिनेमाबद्दल विचारणारे खूप आले होते. सिनेमा दाखवा म्हणून विनवणारं कुणी आलं नव्हतं. त्यांनी नारळ हातात घेतला. "येतो," ते म्हणाले, "मी स्वतः येतो घेऊन."

जत्रेच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं जाकीट काढलं. अनुष्का म्हणाली, आई, तुम्ही दोघं जा, माझं डोकं दुखतंय. पण सारजाबाईनं तिला आधीच बजावून ठेवलं होतं, की गडकरीण आल्याबिगर आमी पडदा लावनार न्हाई.

वाघजाईच्या देवळापुढं दोन बांबूंना पडदा ताणला होता. सारजाबाईच्या मुलानं, विकासनं, कामशेतहून प्रोजेक्टर आणला होता. दिवस मावळला, विसापूरचा कडा काळा झाला आणि सिनेमा सुरू झाला. श्रीपाद आणि वासंतीबाईंना पुढं खुर्च्या दिल्या होत्या. अनुष्का मात्र मागं, बायकांच्या घोळक्यामागं, चाफ्याच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ती बाबांकडे पाहत होती. पडद्यावरचा उजेड त्यांच्या गालावर पडायचा आणि जायचा.

सुरुवातीला नुसती धमाल उडाली. "आरं त्यो बग गोरख आबा!" "आज्जे, तू हाईस!" शिदू पहिल्यांदा मेला तेव्हा शिट्ट्या झाल्या. श्रीपाद मान डोलावत होते, सुखावत होते. मग लढाई आली... ज्या लढाईसाठी बंगला गेला ती लढाई! हत्ती अधांतरी चालत आला. पोरं खिदळली. मोठ्यांनी त्यांना दटावलं. पण मोठ्यांचीही तोंडं हसू दाबून फुगली होती. गाणं लागलं तशी माणसं पाणी प्यायला उठली, एका म्हाताऱ्यानं जांभई दिली, कुणी बिडी पेटवली. वाडीवरच्या माणसांना कुणाचा पाणउतारा करायचा नव्हता. ती बिचारी कंटाळली होती.

श्रीपादांची मान हळूहळू खाली जाताना अनुष्काला दिसली. 'नका बघू, बाबा... नका ना बघू!' तिचं मन आक्रंदू लागलं. तिला वाटलं, धावत जाऊन वायर ओढावी.

आणि मग तो प्रसंग आला. बापाचं प्रेत दारात आलंय, गनीम खाली आहे, आणि गडकरणीला रडायलाही सवड नाही. ती बापाच्या पायातला एक जोडा काढते, दुसरा काढते, दोन्ही नीट जवळ ठेवते आणि म्हणते, "दरवाजे लावून घ्या." बस, एवढंच. त्या दिवशी श्रीपाद कर्ण्यातून ओरडले होते, "मोठ्यानं रड! हंबरडा फोड!" आणि तिला जमलं नव्हतं. वरद नुकताच माळ उतरून गेला होता... डोळ्यांत पाणीच नव्हतं तिच्या.

देवळापुढं कुणी हललं नाही. बिडी ओठांपाशीच विझली. पोरं गप्प झाली. सारजाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि एक बाई पुटपुटली, "आसंच आसतं गं... रडू नंतर येतं."

श्रीपाद खुर्चीत पुढं वाकले होते. लेकीचा पडद्यावरचा चेहरा ते जणू आज पहिल्यांदा पाहत होते. मग त्यांनी वासंतीबाईंकडे वळून काहीतरी विचारलं. वासंतीबाईंनी नकाराची मान हलवली. श्रीपादांनी पुन्हा विचारलं. आणि अनुष्काला दिसलं, आईचे खांदे गदगदू लागले, ती त्यांच्या कानाशी लागून बोलतेय, थांबतेय, पुन्हा बोलतेय... शपथ मोडली! बाबांचा चेहरा वळला. पडद्यावर लढाई चालू होती आणि ते उजेडाकडे पाठ करून, अंधारातल्या माणसांत वेड्यासारखे कुणाला तरी शोधत होते.

तिला ते सोसवेना. ती वळली आणि सारजाबाईच्या अंगणात येऊन जात्याजवळ बसून राहिली.

बऱ्याच वेळानं सिनेमा संपल्याच्या टाळ्या ऐकू आल्या. मग गावकऱ्यांनी साहेबांना दोन शब्द बोलायला सांगितलं असावं, कारण कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. फाटलेला, ओळखू न येणारा.

"मंडळी... तुम्ही शेवटपर्यंत बसलात, उपकार झाले. हा सिनेमा पडला, तो का पडला ते आज मी तुमच्यात बसून पाहिलं. तो माझ्यामुळे पडला. हत्ती माझा होता, गाणी माझी होती, हट्ट माझा होता. यात खरं असं एकच होतं... ती माझी मुलगी. आणि मी जगासमोर तिलाच..." पुढं आवाज आला नाही. कर्णा नुसता खरखरत राहिला.

अनुष्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजली.

"अनु..."

आईला मध्ये न घालता आलेली ही हाक! ती गडबडीनं उठली. "बाबा, आईनं काहीतरी भलतंच सांगितलं असेल, तुम्ही—"

"सिनेमा वाईट होता गं."

"नाही हो! तेव्हा थिएटरं नीट मिळाली नाहीत, तारीख चुकली, नाहीतर—"

"पुरे. आता पुरे, बाळ." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मला सावरू नकोस. मी पडलोय ना... मला पडू दे. चार वर्षं तू खाली उभी होतीस आणि मी तुझ्या खांद्यावर उभा राहून तुलाच बोलत होतो!"

आणि मग अनुष्का रडली. पडद्यावर जे रडू आलं नव्हतं, मुलाखतीच्या दिवशी आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. श्रीपादांनी तिला जवळ घेतलं.

"त्या दिवशी तुला रडू का आलं नाही, ते मी आज तुझ्या आईला विचारलं. वरद... कुठं असतो आता?"

"तिकडंच. डेहराडूनला. लग्न झालं त्याचं. मुलगी आहे, बोलायला लागलीय म्हणे."

श्रीपाद मटकन ओट्यावर बसले. लोणावळ्याचा बंगला विकताना ते असे बसले नव्हते. "मी तुझं काय घेऊन बसलो, मला कळलंसुद्धा नाही..."

"तुम्ही मागितलं नव्हतं, बाबा. मीच दिलं. त्याचं काही नाही मला." तिनं डोळे पुसले. पण इतकी वर्षं आत कोंडलेलं ते आता राहीना. "पण एकदा तरी विचारायचं होतं हो! रोज वाटायचं, आज विचारतील... अनु, तुला खरंच हवं होतं का गं ते? मी खोटंच सांगितलं असतं. पण तुम्ही विचारायचं तरी होतं!"

"आता विचारतो." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हवं होतं का?"

"नव्हतं, बाबा. नव्हतं हवं."

देवळाकडून माणसं घराकडे परतू लागली होती. शिदू कुणाला तरी आपलं तिसरं मरण पुन्हा सांगत होता. वासंतीबाई अंगणाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

श्रीपाद उठले. गाडी खाली रस्त्यावर होती आणि पायवाट खडकाळ. त्यांनी लेकीचा हात धरला. "मग काय हवं होतं, ते सांग."

"आता त्याचा काय उपयोग?"

"काही नाही. तरी सांग."

तिनं आधी साल वृक्षाचं नाव घेतलं. उंच, सरळ साल वृक्षांचं ते जंगल, त्यांच्या पानांवर यायची ती कीड, तिला शोधायचं होतं ते कारण, राहायला मिळणार होती ती खोली, खिडकीतून दिसणारे डोंगर... एकेक ती सांगत गेली. जे आता कधीच होणार नव्हतं, ते सगळं सांगत गेली. श्रीपाद मध्ये काही बोलले नाहीत. फक्त ती थांबली की हळूच म्हणायचे, "आणि मग?" वासंतीबाई मुद्दाम चार पावलं मागं राहून चालत होत्या, आणि उतार संपून रस्ता लागला तरी पुढची ती दोघं गाडीपाशी थांबली नाहीत.